नोंदीत पेट्रोल, आवाज डिझेलचा

ती केस निवृत्तीनंतरही माझा पिच्छा सोडत नाही.

संस्थानं विलीन होऊन थोडी वर्षं झाली होती. बऱ्हाणपूरच्या ठाण्यात मी नवा ठाणेदार होतो. आमच्याकडे एक वयस्क हवालदार होते. पूर्वी एका संस्थानच्या मोटारखान्यात नोकरीला होते, विलीनीकरणात आमच्या खात्यात आले. त्यांची आधीची नोकरी इकडे पुरती धरलीच गेली नाही. ठाण्यातली माणसं त्यांना 'दरबारी' म्हणून चिडवायची. मीही कधी कुणाला टोकलं नाही.

एका सकाळी दहाच्या सुमाराला निंबोल्याच्या रस्त्यावर गाडीने एका शेतकऱ्याच्या बायकोला उडवलं. बाई जागीच गेली. गाडी थांबली नाही. पाहणारं कोणी नव्हतं. तिची जाऊ शेजारच्या केळीत पाणी धरत होती, तिने फक्त ऐकलं.

"गाडी म्या देखली नाही, साहेब," ती म्हणाली. "पन आवाज आयकला ना. आमच्या इहिरीवरचं डिझेलचं इंजिन चालते, तसाच. धडधड, धडधड."

धुळीतल्या चाकोऱ्या अरुंद होत्या, म्हणजे गाडी लहान. त्या काळी लहान गाड्या बहुतेक पेट्रोलच्याच. मोटारींच्या नोंदवहीत डिझेलवर चालणारी लहान गाडी एकच निघाली. तिचा ड्रायव्हर धूलकोटचा. संध्याकाळपर्यंत तो कोठडीत होता. त्याच्या गाडीच्या पुढच्या बाजूला पोचाही होता. गाडी म्हटली की पोचा आलाच, पण त्या दिवशी मला तो पुरावा वाटला.

दुसऱ्या दिवशी आणखी एक लहान गाडी, एक पिकअप, आम्ही तपासली होती. गावातल्या एका जिनिंगवाल्या शेठची, लष्कराच्या लिलावातली. कागदावर पेट्रोल, बॉनेट उघडलं तर आतही पेट्रोलचं इंजिन. रोजनामच्यात तशी नोंद केली आणि तो विषय संपवला.

ड्रायव्हर रोज एकच सांगे, "म्या नाही उडवलं, साहेब." सगळे आरोपी हेच म्हणतात. गुन्हा जामिनाचा होता, पण त्याला जामीन राहायला कोणी पुढे आलं नाही. पुढे त्याला जेलमध्ये पाठवलं.

पंधरा-सोळा दिवसांनी हवालदार माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, शेठची पिकअप राजघाटावर धुवायला आली होती. पुढच्या स्प्रिंगला एक पाटा जास्तीचा आहे. नवा आहे. हलक्या पेट्रोल इंजिनाला तो कशाला लागतो? आणि टाकीला नळ्या दोन. पेट्रोलला एकच पुरते. दुसरी नळी उरलेलं डिझेल टाकीत परत आणते."

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"मला पंचनाम्याला नेलं नव्हतं, साहेब."



शेठची गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. बाकावर बसवलं, चहा दिला. घाबरलेल्या माणसाला दरडावलं की तो खोटंच घट्ट धरून बसतो, एवढं तोवर कळलं होतं. आधी तो कानावर हात ठेवून मोकळा झाला. मग मी विचारलं, "डिझेल स्वस्त. पेट्रोलची गाडी डिझेलवर करणारे पाहिले. डिझेल काढून परत पेट्रोल बसवणारा कोण?"

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "हिवाळ्यात मीच डिझेलचं बसवलं होतं. वजन वाढलं म्हणून पाटा टाकला. कागद बदलायचे राहिले. मग एके दिवशी दुपारी शेठजी आले. म्हणाले, पुराना इंजन वापस डाल दे, आज के आज. मी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात त्या बाईचं ऐकलं, अन् शेठजींची घाई कळली, साहेब."

"तरी गप्प बसलास?"

"मुलंबाळं आहेत," एवढंच तो बोलला.

डिझेलचं इंजिन जिनिंगच्या शेडमध्ये बारदानाखाली सापडलं. पंचांसमोर ते पिकअपवर धरून पाहिलं. चासीला पाडलेली भोकं तंतोतंत जुळली. गाडी त्या दिवशी शेठ स्वतः चालवत होते. वकील येण्याआधीच त्यांनी कबूल केलं. पुढे कोर्टात शिक्षा झाली.

सुटल्यावर तो ड्रायव्हर आपली चंची आणि पट्टा घ्यायला ठाण्यात आला. त्याच्या मालकाने तोवर दुसरा माणूस ठेवला होता. मालखान्याच्या वहीवर त्याने अंगठा उठवला. मी म्हणालो, "आमची चूक झाली."

तो रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"साहेब," तो म्हणाला, "बाईला काहून उडवलं, हे तुम्ही मले धा वेळा विचारलं. त्या टायमाला म्या कुठं होतो, हे एकदा बी नाही विचारलं. म्या चुंगीनाक्यावर उभा होतो. तिथं लिहेल असंल."

तो गेल्यावर मी सायकल काढली आणि नाक्यावर गेलो. जकातीच्या वहीत त्याच्या गाडीचा नंबर होता, तारीख तीच, वेळ सकाळी दहा. नाका ठाण्यापासून चालत जाण्याइतका जवळ होता.

हवालदार हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. त्यांच्या बढतीसाठी मी दोनदा लिहिलं, उपयोग झाला नाही. या तपासाबद्दल शाबासकीचं पत्र मात्र मला आलं. ते मी घरी कुणाला दाखवलं नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत समोर आणलेल्या प्रत्येक माणसाला मी पहिला प्रश्न हाच विचारला, त्या वेळी तू कुठे होतास? आणि उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोललो नाही. तेवढंच शिकलो, पण त्यासाठी एका निरपराध माणसाला जेलमध्ये बसावं लागलं.