वरची चौथी खोली

पडदेवाल्या काकूंचं घर विकायला निघालं तेव्हा गल्लीला वाटलं, बाई आता खचणार. खचतात कसल्या! दारावर 'विकणे आहे'ची पाटी लागली, ती जराशी वाकडी होती, म्हणून लावणाऱ्या माणसाला काकूंनी पुन्हा शिडीवर चढवलं. घर विकायचंय, पाडायचं नाहीये, असं वर ऐकवलं आणि मग चहा पाजून त्याला रवाना केलं.

काकूंचं सगळं आयुष्य लोकांच्या खिडक्यांवर गेलं. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना उशीची खोळसुद्धा सरळ शिवता येत नव्हती. नवऱ्याचं बाजारात कापडाचं दुकान होतं, ते बसलं. नवरा डोक्याला हात लावून बसला, तर काकूंनी उरलेले तागे घरी आणले, जुनं मशीन मिळवलं आणि पडदे शिवायला घेतले. पहिलाच पडदा वीतभर आखूड झाला. गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबललं. काकूंनी खाली दुसऱ्या रंगाची पट्टी जोडून दिली आणि हल्ली हीच पद्धत आहे, तुम्हाला माहीत कसं नाही, असं त्या बाईलाच विचारलं. पुढे त्या बाईच्या दोन जावा तसलीच पट्टी मागत आल्या. आता बोला!

सासूबाई गेल्या, पुढे नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी मोठ्या शहरात गेला. मशीन तेवढं थांबलं नाही. गाव वाढत होतं. गुरांचा बाजार भरायचा त्या माळावर इमारती उठल्या आणि नव्या घरांना भिंती कमी, काचाच जास्त. काचा बघून लोक म्हणायचे, काय हे थेर! काकू मनातल्या मनात मीटर मोजायच्या.

घर जुन्या घडणीचं होतं, ओळीतलं. एकाला एक चिकटून बांधलेली घरं, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर सामाईक. समोरून अरुंद, आत मात्र लांबच लांब. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर, मागे चिमूटभर अंगण. अंधारा लाकडी जिना चढून गेलं की वर चार खोल्या. त्यातली मागची चौथी काकूंची कामाची. खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला टेकून पडद्यांचे दांडे. दिवसाचा उजेड या खोलीत असा भरून यायचा की सुईत दोरा ओवायला काकूंना अजून चष्मा लागत नव्हता. निदान त्या तरी तसं सांगायच्या.

घर होतं सासऱ्यांच्या नावावर, म्हणजे अर्धं काकूंचं, अर्धं दिराचं. दिराला त्याचा वाटा हवा होता, आणि ते रास्तच होतं. पण काकूंच्या अर्ध्यात आता या गावात धड स्वयंपाकघरही येत नव्हतं. भाड्याने बघावं, तर दिवसभर मशीन खडखडणार म्हटल्यावर घरमालक दार लोटून घेत. राहता राहिला मुलगा. तो मनापासून ये म्हणत होता, सूनही बोलवत होती. पण त्यांच्या फ्लॅटमध्ये काकूंसाठी बैठकीतला सोफा होता, रात्री उघडायचा आणि सकाळी मिटायचा. मशीनला जागा नव्हती. "आई, आता शिवायचं कशाला? आराम कर," मुलगा म्हणाला होता. काकू विचारणाऱ्याला ताठ मानेने सांगायच्या की मला काय, मी कुठेही मजेत राहीन. ते खोटं होतं. आराम हा शब्द निघाला की त्या उगीचच मशीनला तेल घालायला उठायच्या.

तरी घर दाखवायचं काम त्यांनी एजंटावर सोडलं नाही. हा एजंट टायवाला, चांगला हसतमुख गडी. पण काकूंची पद्धत बघून त्याचं हसू मावळायचं. काकू आधी घराच्या खोड्या सांगायच्या. पावसात या कोपऱ्याला ओल येते, जिन्यात उंच माणसाचं डोकं आपटतं, मागचं दार लाथ घातल्याशिवाय लागत नाही. एवढं ऐकूनही जो वर यायचा, त्यालाच त्या खोल्या दाखवायच्या. शिवाय जाता जाता त्याच्या सध्याच्या घरच्या खिडक्यांची चौकशी करून पडद्याची एखादी ऑर्डरही काढायच्या. लोक घर बघायला यायचे आणि पडदे सांगून जायचे.

एक जोडपं मात्र खरंच अडकलं. दोन मुलं, बरोबर सासूबाई, त्यांना वरच्या चार खोल्या अगदी हव्या तशा. बोलणी ठरली, दीर खूश झाला. एजंट नकाशासाठी मापं घ्यायला आला. लाल ठिपका टाकणारं यंत्र घेऊन तो खालून वर गेला, वरून खाली आला, पुन्हा वर गेला. मग यंत्र पँटला पुसत म्हणाला की काकू, हे बिघडलंय बहुतेक, घराचा वरचा मजला खालच्यापेक्षा रुंद दाखवतंय.

काकूंनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं, गळ्यातला टेप काढला आणि स्वतः मापायला घेतलं. खालचं मापलं. वरचं मापलं. पुन्हा खालचं मापलं. आणि जिन्यात मटकन बसल्या.

यंत्र ठीक होतं. वरची चौथी खोली त्यांची नव्हतीच.

ती होती शेजारच्या मास्तरीणबाईंची. फार वर्षांपूर्वी सासूबाईंनी अंथरूण धरलं, मूल लहान होतं, धाकटा दीर शिकत होता आणि काकू जिन्यात बसून शिवायच्या. मास्तरीणबाईंना मूलबाळ नव्हतं, वरची मागची खोली रिकामी पडलेली. त्यांनी आणि मास्तरांनी परस्पर गवंडी आणला, आपल्या बाजूचं दार विटांनी बुजवलं, काकूंच्या बाजूची भिंत फोडून तिथे चौकट बसवून दिली. सोय होईपर्यंत वापर म्हणाल्या. कागद नाही, पत्र नाही. सोय कधीच झाली आणि खोली तशीच राहिली. ओळीतल्या घरांत भिंत अशी इकडची तिकडे झाली की बाहेरून काही कळत नाही. काकू तर साफ विसरून गेल्या. आयुष्यभर लोकांच्या भिंती इंचाइंचाने मोजणाऱ्या बाईने स्वतःच्या घराला कधी टेप लावला नाही! खालून शेजारच्या भांड्यांचा आवाज यायचा, तो आपल्या पायाखालून का येतो, हेही त्यांना कधी सुचलं नव्हतं.

दिराला कळलं तसा तो धावत आला. बोभाटा करू नका वहिनी, असं त्याचं म्हणणं. इतकी वर्षं वापरतोय, म्हातारीने कधी चकार शब्द काढला नाही, गिऱ्हाईक हातचं जाईल. तो वाईट माणूस नव्हता, घाबरला होता इतकंच. काकू त्याला म्हणाल्या, "भाऊजी, त्या खोलीत बसून तुम्ही अभ्यास केलात. आता तीच चोरून विकायची?"

काकू शेजारी गेल्या. चार पावलांवरचं दार, पण काकू वाटेतून एकदा मागे फिरल्या. मास्तरीणबाई ताठ पाठीच्या खुर्चीत पेपर वाचत होत्या. अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे उभं राहिलं की कुणालाही गृहपाठ राहिल्यासारखं वाटायचं.

"बाई, वरची खोली तुमची आहे," काकू म्हणाल्या. "मी विसरूनच गेले. खरंच विसरले. तुम्ही परत घ्या."

"मी नव्हते विसरले," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग मागितली का नाहीत?"

"दिलेलं मागते का कुणी?" त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "आणि मी ती तुला दिली होती. तुझ्या घराला नाही. घर वीक की. खोली कशाला सोडतेस?"

काकूंना आधी कळलंच नाही. मास्तरीणबाईंनी मग वर्गात सांगावं तसं सांगितलं. तुझ्या बाजूची भिंत बुजव, माझ्या बाजूचं दार उघड आणि तिथेच राहा. मला आता जिना चढवत नाही, वर वावरायला कुणीतरी हवंच आहे. आणि मशीनचं म्हणशील, तर ते वर वाजायला लागलं की माझी सकाळ होते. तू गेलीस तर मला घड्याळ विकत आणावं लागेल.

काकूंचे डोळे भरून आले, पण काकूच त्या. फुकट राहणार नाही, भाडं घ्यावं लागेल, असं त्यांनी तिथल्या तिथे बजावलं. मास्तरीणबाईंनी ते मान्य केलं आणि उशीर झाला तर दंड पडेल हेही सांगितलं.

चार खोल्यांवाल्या जोडप्याला काकूंनी स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. ते हळहळले आणि गेले. दीर आठवडाभर घुश्शात होता. पण वाढतं गाव, घराला गिऱ्हाइकांचा काय तोटा? एक तरुण दंतवैद्य आणि तिचा नवरा आले, ओलीचा कोपरा बघूनही वर चढले आणि तीन खोल्यांवर खूश झाले. काकूंचा मुलगा फोनवर रुसला. तू आमच्याकडे येतच नाहीस म्हणाला. येईन की, चांगली आठवडा आठवडा येईन, पण राहायला नाही, असं काकूंनी त्याला समजावलं. मग तोच सुट्टी काढून सामान हलवायला आला.

गवंड्याने आधी मास्तरीणबाईंच्या बाजूचं दार मोकळं केलं, मग जुन्या घराच्या बाजूला विटा लावायला घेतल्या. काकू खोलीत मशीनशी बसल्या होत्या. दंतवैद्य बाईंचेच पडदे होते, मुदतीत द्यायचे होते. भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा विटांवरून पलीकडची रिकामी माडी दिसत होती. तिथे त्यांचं मूल रांगलं होतं, तिथूनच नवऱ्याला शेवटचं खाली नेलं होतं. काकूंचा पाय मशीनवर थांबला.

गवंडी थापी हातात घेऊन थांबला. त्याला वाटलं, बाईंना एकदा पलीकडे जाऊन यायचं असेल. "काकू, अजून ओलांडता येईल," तो म्हणाला. "घरात जायचं असेल तर आत्ताच या."

"लाव तू विटा," काकू म्हणाल्या. "मी घरातच आहे."