मोर्चेकाकांचे दोन शब्द

मोर्चेकाकांना खोटं बोलता येत नसे, आणि घरादाराला त्याचाच धसका होता. कुणाकडचा चहा पांचट लागला तर कप खाली ठेवून ते तसं तोंडावर सांगत. कपड्यांच्या कारखान्यात नोकरी करता करता त्यांनी उभी हयात कामगार संघटनेत काढली. पगारापासून पंख्यांपर्यंत सगळ्यासाठी भांडले आणि बहुतेक वेळा जिंकून आले. काकू त्याच कारखान्यात शिलाई मशीनवर बसायच्या. "साऱ्या जगाला मिळवून दिलंत," त्या अजून चिडवत, "माझा एक खिसा तेवढा राहिला." तिथल्या बायकांच्या एप्रनना खिसे नसत. बायका बॉबिन आणि दोरा लपवून घरी नेतील, अशी मालकांना भीती. काकांनी खिशांची मागणी मांडली तेव्हा टेबलापलीकडचे साहेब पोट धरून हसले होते. मागणी फेटाळली गेली याचं दुःख होतंच, पण काकांच्या मनातून ते हसणं काही गेलं नाही.

अशा माणसाच्या घरात फॅशन डिझायनर निघावी, याला काय म्हणायचं? भाऊ-भावजय गेल्यावर पुतणीला काका-काकूंनीच लहानाची मोठी केली. मोर्च्याच्या फलकांचं कापड उरलं की चिमी त्यातून बाहुल्यांचे झगे शिवायची. आता ती बड्या घरच्या बायकांचे झगे शिवत होती. काकांनी तिला कधी अडवलं नाही, पण कौतुकाचा शब्दही काढला नाही. कुणी विचारलंच तर "शिवते काहीतरी" म्हणून विषय बदलायचे. चिमीला ते लागायचं. ती बोलून दाखवत नसे, एवढंच.

मग चिमीने स्वतःचं वर्कशॉप थाटलं आणि उद्घाटनाला काकांनाच गळ घातली. "दोन शब्द तुम्हीच बोलायचे." काका पटकन हो म्हणाले आणि मग पेचात सापडले. खोटं कौतुक जमणार नाही, आणि गप्प बसावं तर चारचौघांत पोरीचा चेहरा उतरणार.

"आपल्या घरात वाढलीय," ते काकूंना म्हणाले. "तिच्या कपड्यांत काहीतरी विचार असणारच. शोधला पाहिजे."

"शोधा," काकू म्हणाल्या. "पण घड्या मोडू नका."

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांच्या आधीच काका हजर झाले आणि झगे घातलेल्या पुतळ्यांमधून चष्मा सावरत फिरू लागले. चिमी टाचण्या लावत मागोमाग होतीच.

"हा लाल काठ," काकांचा चेहरा उजळला. "मुद्दाम निवडलास ना?"

"गिऱ्हाइकाला लाल आवडतो."

"आणि हा फाटका कोट? गरिबांची अवस्था..."

"तो फाटका नाही, काका. कडा तशीच ठेवायची असते. इथला सगळ्यात महाग कोट आहे तो."

काका पुढच्या पुतळ्याकडे वळले. "बरं, हा काळा झगा तरी निषेधाचा असेल?"

"काळ्यात माणूस बारीक दिसतं."

शेवटच्या झग्याच्या दोन्ही बाजू काकांनी चाचपून पाहिल्या. "याला खिसा कसा नाही?"

"खिशाने कापड फुगतं. शिवाय या बाईंची पर्स धरायला वेगळा माणूस असतो."

"सापडलं!" काका म्हणाले. "हेच राजकारण."

"ते त्यांच्या घरचं. मी फक्त मापं घेते."

तेवढ्यात पाहुणे आले, खुर्च्या भरल्या. शिवणाऱ्या बायका मशीन बंद करून भिंतीशी रांगेत उभ्या राहिल्या. काकांचं नाव पुकारलं गेलं. भरचौकात लाउडस्पीकरशिवाय सभा गाजवलेला हा गडी, पण माइक हातात आल्यावर तो नुसताच ठोकून बघत राहिला. उतू जायला आलेल्या दुधाकडे बघावं तशा काकू त्यांच्याकडे बघत होत्या. चिमी खाली मान घालून टाचण्यांची डबी उघडझाप करत होती.

भिंतीशी उभ्या असलेल्या एका बाईने काका नीट दिसावेत म्हणून एप्रनमधून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. शेजारणीने रुमाल आत सरकवला. काकांची नजर रांगेवरून हळूहळू सरकत गेली. प्रत्येक करड्या एप्रनला दोन खिसे होते. खोल, दुहेरी शिलाईचे.

काका माइकसकट तिकडे गेले. "बाई, काय काय ठेवता हो यात?"

बाईंनी खिसा रिकामा केला. फोन, बामची डबी, उघडलेला बिस्किटांचा पुडा. खुर्च्यांवरची मंडळी हसली.

"घरी जाताना तपासतात?"

"कशाला तपासतील?" बाईंना प्रश्नच कळला नाही.

काका खुर्च्यांकडे वळले. "मी सकाळपासून भलत्याच कपड्यांत शोधत होतो," ते म्हणाले. "या एप्रनसारखा कपडा मी आयुष्यात पाहिला नाही. तो माझ्या पुतणीने केलाय आणि मला तिचा अभिमान आहे." एवढं बोलून ते खाली बसले. काकांचं इतकं छोटं भाषण कुणी कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे टाळ्या जरा उशिराच पडल्या. चिमीच्या टाचण्या मात्र जमिनीवर सांडल्या होत्या.

त्या वेचता वेचता काकांनी तिला गाठलं. "आता कबूल कर. एप्रनमध्ये तरी राजकारण आहे."

"कसलं राजकारण, काका?" चिमी डोळे पुसत हसली. "चष्मा ठेवायला जागा हवी, इतकंच."

"आम्हीसुद्धा इतकंच मागत होतो," काका म्हणाले.

काकू तोवर कुणाचा तरी एप्रन चढवून, दोन्ही हात खिशांत घालून, पाहुण्यांमधून हिंडत होत्या.