चार बोटं आखूड झबलं

झबलं वरच्या मजल्यावर गेलं, हे विब्के ल्यूडर्सला कळलं तेव्हा ती बटाटे सोलत होती. तिची मुलगी आन्त्ये पाव कापता कापता सहज बोलून गेली.

"मेटाला दिलं मी आपलं बाप्तिस्म्याचं झबलं. रविवारी तिच्या पोराचा बाप्तिस्मा आहे ना."

"कुठलं झबलं?"

"आपल्याकडे काय दहा आहेत? माझ्या हानोचं. तू शिवलेलं, ते लांब."

"मला विचारायचं होतंस."

"त्यात विचारायचं काय, आई? बाप्तिस्म्याचं झबलं जिन्यातल्या सगळ्या पोरांना फिरतंच. पेटीत ठेवून कसरीला खाऊ घालायचंय का?"

विब्केने सुरी खाली ठेवली. मेटाचा नवरा कार्डेल कारखान्याच्या फाटकावरच्या पहाऱ्याचा मुख्य होता. आणि ज्या घरात जाऊ नये त्या एकाच घरात ते झबलं आता इस्त्रीची घडी होऊन बसलं होतं.

झबल्यात वाईट काही नव्हतं, वाईट होतं ते त्याचं कापड. विब्के गेली एकवीस वर्षं जर्मनीतल्या कील बंदराच्या धक्क्यावरच्या त्या कारखान्यात नकाशे गिरवत होती. इंजिनियर कागदावर पेन्सिलीने काढत. त्यावर ती खळ दिलेलं, चकचकीत, पारदर्शक कापड ताणून बसवी, खडूची पूड चोळी आणि शाईने रेघा ओढी. आकृती काळ्या शाईत, मापं तांबड्या. काय काढलंय ते विचारायचं नाही असा तिथला शिरस्ता. पण लांब नळी, दात्यांची कमान, मागचा धक्का झेलणारी घसरपट्टी पाहून काय ते न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. आधी जहाजांवरच्या तोफा होत्या. हल्ली आकाशाकडे तोंड केलेल्या, विमानं पाडायच्या.

नोकरी तिला मिळाली ती गेल्या महायुद्धामुळे. पुरुष सगळे आघाडीवर होते. वर्षभरातच तिचा नवरा योखन टॉर्पेडो बोटीसकट समुद्राच्या तळाशी गेला, आणि चार वर्षांच्या आन्त्येला घेऊन ती नकाशे गिरवायच्या तिरप्या फळीला जी चिकटली ती चिकटलीच. मग हार झाली. तहाच्या कलमांप्रमाणे परदेशी अधिकारी फूटपट्ट्या घेऊन आले. चांगल्या नळ्या अंगणात आडव्या पाडून गॅसच्या ज्योतीने कापल्या, नकाशे जाळायला लावले. नकाशाघराचे मुख्य ब्रूनसाहेब तेव्हा तिशीतले. त्यांनी अकरा नकाशे विब्केच्या कमरेला परकराखाली गुंडाळले आणि म्हणाले, "ल्यूडर्सबाई, आता तुम्ही जरा जाड झालात एवढंच. सरळ चालत सुटा." फाटकावरच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिला अदबीने टोपी काढून वाट दिली होती. त्या दिवशीही ती घाबरली होती, पण त्या भीतीत थोडी मजा होती, कारण सगळी गल्ली तिच्या बाजूची होती.

पुढची वर्षं उपासमारीची. अंगाला कापड नाही, साबण नाही. बिघडलेले नकाशे ब्रूनसाहेब गिरवणाऱ्या बायकांना वाटून टाकत. गरम पाण्यात सोडा घालून ते कापड भिजवायचं, उकळायचं. खळीबरोबर शाईही निघून जाते आणि हातात येतं ते असं तलम, मऊ कापड, की दुकानात पैसे टाकूनही मिळायचं नाही. त्याचे रुमाल झाले, पडदे झाले, आतले कपडे झाले. कीलची कितीतरी पोरं तोफांच्या नकाशांत गुंडाळून वाढली आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

हानोचं झबलंही तशाच कापडाचं, तीन वर्षांपूर्वीचं. विमानविरोधी तोफेच्या बैठकीचा नकाशा होता, कोपऱ्यात शाई सांडली म्हणून टाकलेला. काळी शाई गेली, तांबडी मात्र पुरती गेली नाही. कोरडं असताना काही दिसत नसे. ओलं करून उजेडाकडे धरलं की खालच्या काठाशी फिकट गुलाबी काहीतरी उमटे. आन्त्ये म्हणाली होती, गुलाबाचे ठिपके पडलेत जणू. विब्केला मात्र ते आकडे दिसत. तिच्याच हातचे होते ते: तोफ किती अंश वर उचलायची त्याचे. तेव्हा ती हसली होती.

आता हसण्याचे दिवस राहिले नव्हते. यंदाच्या वसंतात नवा हुकूम निघाला: बिघडलेला प्रत्येक तुकडा कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत टाकायचा, दर सोमवारी कार्डेलच्या देखत जाळायचा. आणि दुसऱ्याच आठवड्यात फॉक नावाचा आरेखक डबा खाऊन उरलेले धुरावलेले मासे, हाताशी आला त्या नकाशाच्या निळ्या कागदात बांधून घरी निघाला. कार्डेलने पुडी सोडली. मासे नीट बाजूला काढून त्याने फॉकच्या टोपीत ठेवले, कागद उलगडला, आणि टेलिफोन केला. मोटारीतून गुप्त पोलिसांची दोन माणसं आली आणि फॉकला घेऊन गेली. पाच आठवड्यांनी फॉकच्या बायकोला टपालाने एक लहानसं पुडकं आलं. त्यात त्याचा चष्मा होता आणि सही करायची एक पावती होती.

त्या दिवसापासून नकाशाघरात न्याहारीला कुणी मोकळं बोलत नसे. एक ब्रूनसाहेब सोडून. तहाच्या काळात इथे तोफा करायला बंदी होती म्हणून कारखान्याने त्यांना सहा वर्षं स्वीडनला पाठवलं होतं; तिथून ते काळ्या कॉफीची सवय आणि एका विधवेची ओळख घेऊन आले. दर आठवड्याला तिचं पत्र येई. तिच्या मधमाश्यांचं काय चाललंय ते ब्रूनसाहेब पाव चावता चावता विब्केला सांगत. "या हिवाळ्यात तिची एक पेटी मेली हो," असं ते अशा आवाजात म्हणत, की जणू घरातलं कुणी गेलं.

रविवारी चर्चनंतर कार्डेलच्या घरी मंडळी जमली. विब्के गेली ती एवढ्याचसाठी, की झबलं तिथल्या तिथे काढून आणावं. लाल बेरींचं थलथलीत गोड आणि दूध सगळ्यांपुढे आलं होतं, पोर हातोहात फिरत होतं, आणि त्याचं लांब झबलं प्रत्येकाच्या बशीवरून लोंबत होतं. विब्केने आपली बशी बाजूला सारली.

"मेटा, झबलं मी नेते बरं का. जुनं कापड आहे, धुवायला नाजूक."

"छे हो ल्यूडर्सबाई, मागून आणलेली वस्तू मळकी परत करू? सासूबाईंच्या कानावर गेलं तर कच्चं खातील मला."

"अगं, तान्हं पोर घेऊन कुठे धूत बसतेस."

"नेऊ नका हो," टेबलाच्या टोकाकडून कार्डेल म्हणाला. तो बोलायला गोड होता. फॉकशीही गोडच बोलला होता. "आमच्या घरात सगळं उकळून निघतं."

मंडळी हसली. विब्केही हसली, कारण न हसणं दिसून आलं असतं.

बुधवारी दुपारी ती जेवायला घरी आली आणि खिडकीशी थबकली. खाली अंगणात दोरीवर झबलं वाळत होतं. ओलं होतं, ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. आणि त्याच्या बरोबर खाली, पाइप तोंडात धरून, मान वर करून कार्डेल उभा होता. एक पाइप संपेपर्यंत तो तिथून हलला नाही. विब्केला वाटलं, धावत खाली जावं आणि झबलं ओढून घ्यावं; पण अंगणावर चोवीस खिडक्या होत्या आणि प्रत्येकीला पडदा होता. सूप गार झालं. ती तशीच कामावर गेली आणि अख्ख्या दुपारी तिला एक सरळ रेघ ओढता आली नाही.

शुक्रवारी सकाळी फाटकावर कार्डेलने तिच्या हातात एक पुडकं ठेवलं. "बायकोने दिलंय. फार आभार सांगितलेत. आत केकचा तुकडा आहे, दाबू नका."

ते तिने दिवसभर पायाशी ठेवलं. घरी येऊन कडी लावली आणि उलगडलं. झबलं पांढरंशुभ्र, कडक इस्त्रीचं. पण टेबलावर पसरताक्षणीच तिच्या नजरेला ते खटकलं. तिने पट्टी काढली. पहिल्यापेक्षा सात सेंटिमीटर आखूड, चार बोटं. खालची दुमड नवी होती, यंत्रावर घातलेली. तिचा स्वतःचा टाका हाताचा होता. जिथे तांबडे आकडे होते तेवढीच पट्टी गेली होती.

विब्के खुर्चीत बसली. ज्याला पुरावा ठेवायचा असतो तोच कापून घेतो, याबद्दल तिला शंका उरली नाही. पट्टी कार्डेलच्या खणात असणार, पाकिटात घातलेली, वर तिचं नाव. पण मग मोटार का आली नाही? म्हणजे त्याला काहीतरी हवंय. शनिवार-रविवार ती तेवढा एकच विचार करत राहिली. हानो मांडीवर येऊन बसला की तिला त्याच्या जागी टपालाने आलेलं पुडकं आठवे, आणि चष्मा. ती चष्मा लावत नसे. आपलं काय परत पाठवतील, हेही तिने मनाशी ठरवून पाहिलं. कंगवा असेल.

सोमवारी कार्डेल पत्र्याची पेटी न्यायला नकाशाघरात आला. जाता जाता तिच्या फळीपाशी थांबला.

"झबलं नीट पोचलं ना, ल्यूडर्सबाई?"

"हो."

"काही बिघडलं नाही ना त्याचं? बायकोला घोर लागलाय."

"नाही. काही नाही."

"बरं झालं." त्याने इकडेतिकडे पाहिलं. ब्रूनसाहेब चाचणीच्या मैदानावर गेले होते. त्यांची खुर्ची रिकामी होती. "ब्रूनसाहेब दिसत नाहीत. काय म्हणतात हल्ली?"

म्हणजे हे हवंय तर, विब्केला वाटलं. एकवीस वर्षांत ब्रूनसाहेब तिला एक वाकडा शब्द बोलले नव्हते. हे तिला त्या क्षणी आठवलं, स्पष्ट आठवलं, आणि तरीही ती बोलली.

"त्यांना पत्रं येतात. स्वीडनहून. दर आठवड्याला."

कार्डेल निघालाच होता. तो वळला.

"असं?" तो म्हणाला. "कुणाची?" आणि मग त्याने वरच्या खिशातून पेन्सिल काढली. तोवर ती खिशातच होती.

गुरुवारी सकाळी दोन माणसं आली. ब्रूनसाहेबांनी आपल्या फळीवर कापड झाकलं, कोट घातला, कॉफीचा पेला अर्धा राहिला होता तो खिडकीत सरकवून ठेवला. विब्केच्या जवळून जाताना म्हणाले, "बाटलीला बूच लावा, ल्यूडर्सबाई. शाई वाळते." तिने मान वर केली नाही. त्यांना काही ठाऊक होतं की नव्हतं, हे तिला कधीच कळलं नाही.

तिला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोला, त्याहून जास्त तिला हायसं वाटलं. आपला वाटा आपण भरला; आता पट्टी खणातच राहील. त्या रात्री तिला आठवड्यात पहिल्यांदा झोप लागली.

रविवारी चर्चला निघताना जिन्यात मेटा भेटली. पोर कडेवर. तिने वरच्या दाराकडे एकदा पाहून घेतलं आणि विब्केची बाही धरली.

"तुम्हाला एक सांगायचंय. पण ह्यांना कळू देऊ नका हं, शपथ आहे."

"काय?"

"तुमचं झबलं मी बिघडवलं. त्या दिवशी कुणाच्या तरी बशीतलं लाल गोड लागलं असणार खाली. तीनदा उकळलं. वाळलं की वाटे गेलं, आणि इस्त्रीला पाणी शिंपडलं की डाग पुन्हा वर. मला इतकी लाज वाटली. शेवटी खालची चार बोटं कापली आणि यंत्रावर दुमड घातली. ह्यांना पत्तासुद्धा लागू दिला नाही. म्हणाले असते, परक्याची वस्तू सांभाळता येत नाही."

"ते अंगणात उभे होते. दोरीखाली."

"ते होय? पोरापाशी धूर नको म्हणून पाइप ओढायला मीच पिटाळते त्यांना खाली. रोज तिथेच उभे असतात."

"आणि पट्टी?"

"चुलीत घातली, त्याच दिवशी." पोराने मेटाच्या केसाला हिसका दिला, तिने ते सोडवले. "रागावलात का हो?"

विब्केने जिन्याचा कठडा घट्ट धरला होता. खाली कुणीतरी दार उघडलं, चर्चची घंटा आत आली.

"नाही गं," ती म्हणाली. "माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही."