मालवलेला नंदादीप

नवरात्रात घटापुढचा अखंड दिवा मी माझ्या हातानं मालवला आहे, आणि तोही आमचे मालक मिरजेला ऑपरेशनच्या टेबलावर असताना. हे ऐकून गावातल्या काही बायका अजून तोंडाला पदर लावतात. लावू देत. जे झालं ते लिहिते.

मी काही मोठी भक्त नाही. घट बसवते, कारण सासू बसवायची. शाळा चौथीपर्यंत, पोथी अडखळत वाचते. पण त्या वर्षी मालकांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि भीतीपोटी मी देवीला बोलून गेले, नऊ दिवस दिवा विझू देणार नाही, तू यांना चालत घरी आण. बोलून झाल्यावर माझं मलाच खटकलं. देवीशी असा सौदा करतात का? ती तरी असल्या अटीत कशाला अडकेल? पण बोलले ते बोलले. मुलाचं परमुलखात सोनं गाळायचं दुकान आहे. तो आला आणि वडिलांना मिरजेला घेऊन गेला. मीही निघाले होते, पण मालकच म्हणाले, "तू हितंच थांब. दिवा कोण बघणार?" हा माणूस कधी देवळात न शिरणारा, पायरीवरच आमच्या चपला सांभाळत बसणारा. त्याचाही जीव त्या वातीत गुंतलाय हे मला तेव्हा कळलं.

आमचं गाव विट्याजवळ. माझं आणि सुशीलाचं घर एका भिंतीचं. तिच्या शेवग्याचा पाला माझ्या अंगणात पडायचा. फांदी तोड म्हणून मी किती वेळा सांगितलं, तिनं तोडली नाही, म्हणून मी तोडली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. आधी मला आक्का म्हणायची, नंतर तोंड फिरवून जायची. मलाही त्याचं काही वाटत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी मी घटापाशी बसले होते. घरात धूप आणि उदबत्तीचा वास भरलेला, त्यात सर्दीनं माझं नाक बंद. दारात जोगवा मागणारी एक बाई आली. हातात परडी, कपाळभर कुंकू. आमच्याकडे येणाऱ्या जोगतिणी मला ठाऊक आहेत, ही त्यातली नव्हती. मी सुपात पीठ घेऊन उठले. ती उंबऱ्याबाहेरच थबकली.

"आवं आई, गॅस सुटलाय कुटंतरी. वास येत न्हाई व्हय तुमास्नी?"

मी आत जाऊन बघितलं. माझी शेगडी बंद, सिलिंडरही बंद. भिंतीतल्या झरोक्याशी नाक नेलं तेव्हा कुठं मला वास लागला. सुशीलाच्या स्वयंपाकघरातून येत होता.

"माझा न्हाई, शेजारचा हाय," मी म्हणाले.

"मग ह्यो दिवा?"

खरं सांगते, तोपर्यंत त्या दिव्याला मी आग म्हणून बघितलंच नव्हतं. चुलीला आग म्हणतात, देवापुढच्याला कोण म्हणतं? मी म्हटलं, "नवसाचा हाय. माझ्या मालकांची छाती उघडलीय तिकडं."

ती बाई माझ्यावर चिडलीच. "देवीला काय अंधाराचं भ्या हाय व्हय? मालव आदी."

देवापुढच्या दिव्यावर फुंकर मारायची नसते. मी झेंडूचं फूल घेतलं आणि त्यानं वात तेलात दाबली. दार सताड उघडं टाकून मी सुशीलाकडे गेले. बेलच्या बटणाकडे गेलेला हात मागं घेतला आणि दारावर थापा मारल्या. ती नातवाला घेऊन आडवी झाली होती.

"आता काय?" ती आतूनच म्हणाली. "पाला मोजून द्यायचाय का?"

"तुजा गॅस गळतोय, सुशे. कुटलं बटण दाबू नगो. दिवा मालव आन् पोराला घिऊन भाईर ये."

"नवरात्रात दिवा मालव म्हणतीस? लाज न्हाई वाटत? तुजा मालव की."

"माजा मालवलाय."

माझा दिवा कशासाठी होता ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मग कडी वाजली. तिनं पोर माझ्या हातात दिलं, आत जाऊन दिवा मालवला, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. शेगडीची नळी उंदरानं कुरतडली होती. लागून असलेल्या घरांना आम्ही दोघींनी दिवे मालवायला दारोदार सांगितलं. कुणी कुरकुर केली की सुशीला म्हणायची, "आक्कानं मालवला, तुला काय धाड भरलीय?" सगळ्या बायका पोरंबाळं घेऊन कडुनिंबाखाली बसलो. ती जोगवा मागणारी मात्र दिसली नाही. पिठाचं सूप माझ्या उंबऱ्यावर तसंच होतं. पुढं आजूबाजूच्या गावांत विचारलं, कुणाला ती माहीत नाही. असेल कुणी वाटेनं जाणारी.

माझा फोन आत राहिला होता. तिकडं काय झालं असेल, ते विचारायलाही जाता येईना. मी देवीला मनात म्हणाले, माझ्या हातात जे होतं ते सोडलं, आता तुझं तू बघ.

वास पुरता गेला तेव्हा सुशीला उठली. देवीच्या देवळातून पदराआड पेटती पणती घेऊन आली. वाटेत तिचं घर आधी लागतं. ते ओलांडून ती माझ्याकडे आली. "घे आक्का, आदी तुजा लाव." मी वात सारली, तेल घातलं, दिवा लागला. मग फोन बघितला. मुलाचे चार-पाच कॉल येऊन गेले होते. मी उलटा फोन लावला, ऑपरेशन नीट झालं होतं. ते किती वाजता झालं आणि दिवा किती वाजता मालवला, याचा मेळ मी घातला नाही.

मालक चालत घरी आले. शेवग्याचा पाला अजून पडतो, मी झाडते, शेंगा ती देते. कधीमधी भांडतोही. घट बसायच्या आधी दोघींच्या गॅसच्या नळ्या आम्ही मिळून बघतो, मग गल्लीतल्या बाकीच्यांच्या. बायका विचारतात, नवसाचा दिवा नऊ दिवस अखंड राहिला का? मी सांगते, राहिला. मधला थोडा वेळ देवीनं स्वतः सांभाळला.