वाचतो कोण, टाक ना!

आमच्या ठाण्याच्या डेंटल कॉलेजातली इंप्लांट विभागाची, म्हणजे जबड्यात स्क्रू रोवून त्यावर नवा दात बसवणाऱ्यांची, जुनी मंडळी जमली की किस्से निघतातच. त्यातले निम्मे आमच्याच अंगाशी आलेले आहेत.

आमच्याकडे एक रीत होती. थिसिस संपला की सीनियर आपली रेफरन्सची यादी पेनड्राइव्हवर ज्युनियरला द्यायचा. कुठल्या वाक्याला कुठला पेपर जोडायचा, तेही तयार! मी घाबरत विचारलेलं, "हे सगळं वाचायचं कधी?"

माझा सीनियर नीलेश म्हणाला, "अरे, वाचतो कोण? टाक ना!"

मी टाकले.

* * *

याच नीलेशला आमच्या हेड कर्णिक मॅडमनी भर सेमिनारमध्ये उभं केलं. "हा पेपर लावलायस ना? काय म्हटलंय त्यात?"

नीलेशला घाम फुटला. "मॅडम... इंप्लांटबद्दल चांगलंच म्हटलंय!"

* * *

पॅथॉलॉजीचे एक सर माझ्यावर आठवडाभर फुरंगटून होते. शेवटी लिफ्टमध्ये गाठलंच. "तुझ्या यादीत माझा पेपर का नाही?"

"सर, माझा विषय इंप्लांट. तुमचा पेपर जिभेवर आहे."

"मग? जीभ काय दातांपासून लांब असते?"

घातला बाबा तोही!

* * *

मी तिथेच लेक्चरर झालो आणि विठ्ठलवाडीची सोनल पीजीला आली. विषय: इंप्लांटवरचे कोणते पेपर सगळ्यात जास्त उद्धृत होतात आणि का. ही बया प्रत्येक पेपर खरंच वाचायची!

एका दुपारी तिने मला टेंभी नाक्यावर चहा पिताना गाठलं. चेहरा पांढराफटक.

"सर, इंप्लांटवर दात कधी बसवायचा, त्यासाठी आपण सगळे जो पेपर लावतो ना, तो कुत्र्यांवर आहे."

"कुत्र्यांवर?"

"कुत्र्यांच्या जबड्यावर. माणसांचा त्यात संबंधच नाही. तुम्हीपण लावलाय. विभागात पहिल्यांदा लावलाय मॅडमनी, स्वतःच्या थिसिसमध्ये." तिने सगळ्यांचं टेबलच केलेलं. "ठेवू की काढू? मॅडमनी सही नाही केली तर माझं वर्ष जाईल."

"काढ," मी म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटते.

तिने काढलं नाही. फक्त नावं गाळली आणि पहिल्या ओळीत, मॅडमच्या नावाच्या जागी, 'विभागातील जुना प्रबंध' एवढंच लिहिलं. मॅडम त्या पानावर बराच वेळ थांबल्या. मग सही केली. त्यांच्या मनात काय आहे ते कुणालाच कळेना, आणि व्हायवापर्यंत सोनलला धड जेवण गेलं नाही.

* * *

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे बडं प्रस्थ, मॅडमपेक्षाही कितीतरी सीनियर. शेजारी मॅडम. मी मागे, प्रोजेक्टरपाशी.

परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "विभागावर आरोप करताय?"

"नाही सर. जे सापडलं ते लिहिलंय."

"मग ही पहिली चूक कोणाची? नाव सांगा, नाहीतर टेबल मागे घ्या. असं मोघम ठेवून मी पास करणार नाही."

सोनलने मॅडमकडे बघायचंही टाळलं.

"सर, टेबल बरोबर आहे. मागे नाही घेणार," ती कशीबशी म्हणाली.

"नाव?"

सोनलने नकारार्थी मान हलवली. परीक्षकांनी सही न करताच पेनाचं टोपण लावलं.

तेवढ्यात मॅडमनी वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

"मी, सर. आणि माझा तो प्रबंध तुम्हीच पास केला होता."