टाकीबाहेरच्या चपला

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी आखातात, हवल्लीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीचं झाकण बाहेरून बंद करण्यात आलं आणि खालून पंप सुरू झाला. त्या वेळी टाकीत माणूस होता.

मी देखभालीच्या कंत्राटदाराकडे कामांवर देखरेख करत होतो. टाकी धुणारे दोघंही कोकणातले. आत उतरलेला प्लंबर गुहागरकडचा, तिशी उलटलेला. बाहेर उभा राहणारा फिटर मालवणचा, वयाने मोठा. सगळे त्याला काका म्हणत. दोघांची एक रीत होती: आत जाणाऱ्याने चपला शिडीच्या पायथ्याशी काढायच्या. चपला दिसल्या की झाकण आणि पंप दोन्हींना हात लावायचा नाही. इमारतीच्या इजिप्शियन रखवालदारालाही हे माहीत होतं. हे लेखी कुठेच नव्हतं.

मी खाली निघालो तेव्हा दोघांचं बोलणं चालू होतं.

"थंड लागता काय रे भितुर?"

"या की, काका. जागा आहे."

"मी इलंय तर तू खंय रवशील?"

क्लोरीन मिसळून झालं होतं, घासणं सुरू होतं. काका नवा ब्रश आणायला खाली गाडीकडे गेले. त्याच सुमारास धुळीचं वादळ सुटलं. धूळ टाकीत जाईल म्हणून रखवालदार गच्चीवर गेला. शिडीपाशी चपला नव्हत्या. काम संपलं असं समजून त्याने डोळे मिटूनच झाकण लावलं, वाऱ्याने उडू नये म्हणून कडी अडकवली आणि खाली येऊन पंप चालू केला. भाडेकरू पाण्यासाठी सकाळपासून त्याच्या मागे लागले होते.

काका ब्रश घेऊन दारातून आले, तेव्हा मी लिफ्टपाशी होतो. पंपाचा आवाज ऐकून ते जागीच थांबले.

"पंप कोणी चालू केलो?"

"मैंने. ऊपर कोई नहीं है, खलास," रखवालदार म्हणाला.

"अरे, तो भितुर आसा!"

रखवालदार पंपाकडे धावला. लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती, म्हणून काका आणि मी जिन्याने निघालो. पंप थांबल्याचं मध्येच कुठेतरी कळलं, कारण पाइपातला आवाज गेला. गच्चीच्या दाराशी काका थांबून ऐकू लागले. टाकीवर आतून कोणी थाप मारत नव्हतं.

कडी मी काढली. उग्र वासाने डोळे झोंबले. तो पाण्यात गुडघ्यांवर बसलेला होता, डोकं भिंतीला टेकलेलं. मास्क गळ्यात उतरला होता. काका आत पाय टाकायला निघाले, तेव्हा मी त्यांचा शर्ट मागून धरला.

"सोड माका!"

"तुम्हीही आत पडलात तर दोघांना कोण काढणार? दोर टाका."

दोर टाकला. काका झाकणाच्या तोंडाशी वाकून ओरडले, "ए पोरा, हात वर कर! माझो आवाज येता?"

हात वर झाला नाही. काकांनी पुन्हा हाक मारली, मग शिवी दिली. त्यानंतर हात हलला. दोर काखेखालून घ्यायला त्याला बराच वेळ लागला. तोवर रखवालदार वर पोचला होता. आम्ही तिघांनी ओढून त्याला बाहेर घेतलं. त्याला खोकल्याची उबळ थांबवता येत नव्हती. अँब्युलन्स मी बोलावली.

स्ट्रेचर गेल्यावर रखवालदार म्हणाला, "चप्पल नहीं था. मैंने देखा, नहीं था."

चपला एसीच्या यंत्राच्या सावलीत होत्या, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या. काकांकडे मी पाहिलं.

"उन्हात तापल्ली होती," ते म्हणाले. "तो भायर येतलो तेव्हा पाय भाजतले, म्हणान सावलेत ठेवलंय."

ते ब्रश आणायला खाली आले, तेव्हा माझ्यासमोरून गेले होते. चपला हलवल्याचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. आत असलेल्यालाही नाही.

त्या आठवड्यापासून पंपाच्या खोलीला कुलूप आलं. किल्ली टाकीत उतरणाऱ्याच्या खिशात असते, आणि तो बाहेर येऊन स्वतःच्या तोंडाने 'आलो' म्हणाल्याशिवाय झाकण लागत नाही.

इस्पितळात त्या शुक्रवारी संध्याकाळीच त्याचा ऑक्सिजन काढला. आवाज बसलेला होता. काकांनी त्याच्या घरी फोन लावून त्याच्या कानाशी धरला. पलीकडे आई होती. तिने विचारलेलं आम्हाला ऐकू आलं नाही. तो म्हणाला, "होय, जेवलो."

त्याने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं.