तात्पुरत्या नावाच्या फाइली

रुग्णालयात त्याला सगळे सर्व्हरवाला म्हणत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं, आणि त्याची त्याला खंतही नव्हती. चाळीस खोल्यांतले कॉम्प्युटर ज्या सामायिक फोल्डरांवर चालत, ते सांभाळणं हे त्याचं काम. तळघरात दोन लिनक्स सर्व्हर होते. एक राबायचा, दुसरा त्याची हुबेहूब नक्कल करत बसायचा. पहिला पडला की दुसऱ्याने त्याच्या जागी उभं राहायचं, वर कुणाला कळायलाही नको. कळलं नाहीच कधी. कळलं असतं तर निदान कुणी चहा तरी पाजला असता.

या जोडीत एक मेख असते. दोघांमधली केबल सुटली, तर दुसऱ्याला वाटतं पहिला मेला. तो खुशाल कारभार हाती घेतो, आणि पहिला तर धडधाकट असतो. मग काही खोल्यांचं काम एकावर साठतं, काहींचं दुसऱ्यावर, आणि शेवटी एकाचं सगळं पुसण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून नियम असा, की कारभार घेण्याआधी दुसऱ्याने पहिल्याची वीज सरळ तोडायची. तीन वर्षांपूर्वी या नियमाने भर दुपारी चुकून चांगला सर्व्हर बंद पाडला, तेव्हा अधीक्षकांनी त्याला चारचौघांत धारेवर धरलं. "चालतं मशीन बंद पाडणारी ही कसली सुरक्षा हो?" तो मुकाट्याने खाली गेला आणि नियम बंद करून आला. तात्पुरता. या धंद्यातली माणसं तात्पुरतं म्हणाली, की ते जन्मभराचं झालं असं खुशाल समजावं.

त्याची थोरली बहीण याच रुग्णालयात दाखल झाली. आई लवकर गेली, ताईनेच त्याला लहानाचा मोठा केला. तिच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढायचं ठरलं. आधी दोन तास आवाज रेकॉर्ड केला, तर पुढे ती टाइप करील ते एक यंत्र तिच्याच आवाजात बोलणार होतं.

"छोट्या, दोन तास बोलायचं? मला दोन मिनिटं गप्प बसवत नाही म्हणून तुझे भावजी घर सोडून फिरायला जातात."

"मग बोल की हवं तेवढं. माझ्याच सर्व्हरवर राहणार आहे. जिवापाड जपतो बघ."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. हातांना काहीतरी काम हवं म्हणून साडेआठला तो तळघरात जाऊन केबली नीट लावत बसला. त्यातली एक पुरती बसली नाही. ते त्याला कळलं नाही.

नऊ ते अकरा तो रेकॉर्डिंगच्या खोलीबाहेर उभा होता. ताईने आधी दिलेली वाक्यं शहाण्यासारखी वाचली, मग गाडी घसरली. नातवंडांना हाका मारून झाल्या, जावयाची नक्कल झाली, स्वतःच्याच विनोदावर ती खोकेपर्यंत हसली. बारा वाजता तिला आत नेलं.

साडेबाराला फोन सुरू झाले. एका खोलीत दिसणारा रिपोर्ट दुसरीत दिसेना, मधेच पडदे गोठायला लागले. तो धावत खाली गेला. दोन्ही सर्व्हर मीच मुख्य म्हणून बसले होते, सकाळी साडेआठपासून. ताईच्या गळ्याचे फोटोही याच फोल्डरांतून ऑपरेशन थिएटरच्या पडद्यावर जात होते.

त्याने दोन्हीकडच्या याद्या पाहिल्या. नव्यावर, म्हणजे सकाळी कारभार घेतलेल्या दुसऱ्यावर, हजारो फाइली, जवळजवळ सगळं रुग्णालय. जुन्यावर, म्हणजे पहिल्यावर, एकाच खोलीच्या काही फाइली, नावं तात्पुरती, नुसते आकडे. कचरा, त्याला वाटलं. कोणती खोली ते पाहायला दोन मिनिटं पुरली असती. जुन्याची वीज काढून तो तसाच बाजूला ठेवला असता तरी भागलं असतं. पण ताई टेबलावर असताना एकट्या सर्व्हरच्या भरवशावर राहायचं? त्याला ते झेपेना. पाठीशी दुसरा हवाच. त्याने केबल दाबून बसवली, जुन्यावरचं टाकून द्यायचा आदेश दिला, आणि नव्याची नक्कल जुन्यावर उतरू लागली. पडदे हलले. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं.

तीन वाजता रेकॉर्डिंगवाल्या बाईंचा फोन आला. "दादा, ताईंच्या आवाजाचे तुकडे जोडायला बसले होते. जोडेपर्यंत आमच्याकडे नुसत्या आकड्यांनीच असतात ते. आता तर फोल्डरच रिकामं दिसतंय."

दुसरीकडे ठेवायची राखीव प्रत रोज रात्री निघायची, म्हणजे आजची कुठेच नव्हती. तरी त्याने दोन तास जुन्या सर्व्हरची डिस्क उकरली. जिथे ताई हसली होती, तिथे आता कुणाकुणाचे रक्ताचे रिपोर्ट होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताई पूर्ण शुद्धीत आली. गळ्याला नळी, हातात वही-पेन्सिल. तिने पहिलं लिहिलं, "आवाज नीट आला ना?"

तो सव्वीस वर्षं लोकांना "दोन मिनिटांत चालू होईल" सांगत आला होता. तिच्याशी मात्र त्याला खोटं बोलवेना.

"ताई, गेला तो. सगळा. माझ्या हातून पुसला गेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघून तिने नेहमीसारखी मान उडवली, एवढंच ना, अशी. मग घाईघाईने लिहून वही त्याच्यापुढे धरली.

"रडतोस काय वेड्या. परत बोलेन."

त्याने वाचलं आणि मान खाली घातली. तिने वही आपल्याकडे वळवली, आपलंच अक्षर पुन्हा एकदा वाचलं, आणि तिचा हात हळूहळू गळ्याकडे गेला.